तगरची पेठ, तेरचे गाव

भडोचच्या बंदरात गलबत घालणे म्हणजे परदेशी नाखव्यासाठी जिवाशी खेळ होता. खंबायतच्या आखातात भरती एकाएकी चढते, पाण्याला ओढ भयंकर, आणि नर्मदेच्या मुखाशी वाळूचे दांडे. नवख्याचे जहाज रुतलेच म्हणून समजावे. यावर तिथल्या राजाने सोय करून ठेवली होती. राजाच्या चाकरीतले कोळी मोठमोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. आलेल्या जहाजाला दोर लावून ते ओढीत, भरतीला पुढे काढीत, ओहोटी लागली की ठरलेल्या डोहात नांगर टाकायला लावीत आणि असे टप्प्याटप्प्याने त्याला बंदराला लावीत.

ही हकिगत लिहून ठेवणारा ग्रीक भाषेत लिहिणारा, बहुधा इजिप्तात राहणारा एक व्यापारी होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. त्याचे नाव कोणालाच माहीत नाही. त्याच्या टिपणाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. साहित्य म्हणून त्यात काही नाही. कुठल्या बंदरात काय खपते, काय मिळते, राजा कोण, वारा कधीचा, एवढेच. पण या हिशेबी गृहस्थाने भडोचच्या निमित्ताने चार ओळी घाटमाथ्यापलीकडच्या मुलखावर खर्च केल्या, आणि त्या चार ओळींत आजच्या धाराशिव जिल्ह्यातले एक गाव जगाच्या बाजारपेठांच्या यादीत जाऊन बसले.

दक्षिणापथात दोन पेठा विशेष महत्त्वाच्या, असे तो सांगतो. पहिली पैठण, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, आणि ते फार मोठे शहर. पैठणहून अकीक येतो. तगरहून येते कापड: साधे भरडे कापड पुष्कळ, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि एक जांभळट जातीचे वस्त्र, जे रंगावरून ओळखले जाई की धाग्यावरून यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. शिवाय समुद्रकाठच्या प्रदेशातून तगरला गोळा होणारा इतर माल. हे सारे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरते.

या शेवटच्या मालाकडे सहसा लक्ष जात नाही, पण तगरची खरी ओळख तिथे आहे. तगरपासून समुद्र कुठल्याही बाजूने जवळ नाही. मग समुद्रकाठचा माल तिथे का गोळा व्हावा? तो पूर्वेकडून, कृष्णा-गोदावरीच्या मुखांकडच्या आंध्र किनाऱ्यावरून येत होता, असा याचा बहुतेक अभ्यासक अर्थ लावतात. म्हणजे तगर आपलेच कापड विकत होते एवढेच नाही. पूर्व किनाऱ्याचा माल इथे उतरायचा, साठायचा, हात बदलायचा आणि पश्चिमेला निघायचा. आजच्या भाषेत सांगायचे तर ती आडत पेठ होती.

दिवसांचा हिशेबही ताडून पाहण्यासारखा आहे. भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वळणावळणाने चारशेवर. वीस दिवसांत ते काटायचे तर रोजची मजल वीस किलोमीटरची. पैठण ते तेर, म्हणजे तेच जुने तगर, सरळ रेषेत दीडशेच्या आसपास, आणि वाटेने गेल्यास पावणेदोनशे ते दोनशे. दहा दिवसांत तोच वेग बसतो. लादलेली बैलगाडी दिवसाला याहून फार चालत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गाडीवानाने सांगितले असते. दिशा मात्र व्यापाऱ्याची चुकली. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. स्वतः तो इतक्या आत आला नसावा. भडोचच्या धक्क्यावर उतरलेल्या गाडीवानांनी सांगितले ते त्याने टिपले असणार.

एक कोडे मात्र उरते. तगरचा माल भडोचलाच का जावा? कल्याण आणि सोपारा ही बंदरे त्यामानाने किती जवळ! त्याचे उत्तरही पेरिप्लसमध्येच आहे. पूर्वी कल्याणचे बंदर रीतसर व्यापाराचे होते. पुढे ते दुसऱ्या राजाच्या हाती गेले आणि तिथला व्यापार कोंडला. चुकून एखादे ग्रीक जहाज तिथे लागलेच, तर पहाऱ्यात भडोचला पाठवले जाई. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्या झगड्याची ही बाजारपेठेतून दिसणारी बाजू. भडोच क्षत्रप नहपानाचे. पैठण आणि तगर सातवाहनांच्या मुलखातले. तेव्हा तगरच्या विणकराचे कापड शत्रूच्या बंदरातून रोमला जात होते आणि त्यावरची जकातही शत्रूच्या तिजोरीत पडत होती. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडला: १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी, सारी नहपानाची, आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. त्या युद्धामागे धर्म आणि वंशाभिमान होताच, पण घाटवाटा आणि बंदरे कोणाच्या ताब्यात राहणार हा प्रश्न त्याहून लहान नव्हता.

‘धड रस्ता नाही’ असे पेरिप्लसकार म्हणतो खरे, पण प्रवाशाची काळजी वाहणारे कोणी नव्हते असे समजण्याचे कारण नाही. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या गावी आपण चौसोपी निवारे, विहिरी, तळी केल्याचे तो नोंदवतो. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर बसाउठायच्या जागा व पाणपोया घातल्या. दुसऱ्या एका लेखात त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्षूंचा वस्त्रखर्च आणि वरखर्च भागवायचा. राजाच्या जावयाने पैसा ठेवायला विणकरांची पेढी निवडली, यावरून कापडाच्या धंद्याची तेव्हाची पत कळते. हे विणकर गोवर्धनचे, नाशिकजवळचे. तगरच्या श्रेणींचे असे लेख मिळालेले नाहीत, पण ज्या गावाचे कापड भडोचच्या धक्क्यावर नावाने ओळखले जाई तिथल्या विणकरांची पत याहून कमी असेल असे वाटत नाही. सातवाहनांच्या बाजूला जुन्नरवरून कोकणात उतरणारा नाणेघाट होताच. तिथली गुहा, पाण्याची टाकी आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही पाहता येतो.

परतीच्या गाड्यांवर काय येई? भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी पेरिप्लसमध्ये आहे. इटलीची दारू (ती सगळ्यांत आवडीची), तांबे, कथील, शिसे, पोवळे, काचेचा कच्चा माल, सुरमा, आणि सोन्यारुप्याची नाणी. राजासाठी म्हणून वेगळा नजराणा: चांदीची भांडी, गाणारी मुले, देखण्या मुली, उंची मद्य. यातले किती तगरपर्यंत पोचले हे कागदावर कुठे नाही. ते मातीत आहे.

दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलात तगरचे नाव घेतले. मग बाहेरच्या जगाला त्याचा विसर पडला. आपल्याकडे नाव टिकले, पण तेही गावापेक्षा बिरुदात. इ.स. ६१२ च्या, दुसऱ्या पुलकेशीच्या हैदराबाद ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी म्हटला आहे. पुढे ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तगर त्यांच्या राज्यात नव्हते. आपले मूळ घराणे त्या नामांकित शहराचे, एवढे सांगण्यासाठी ते बिरुद. वतन सुटले तरी आडनावात गाव राहावे तसे. अकराव्या शतकात कनकामर मुनींनी अपभ्रंशात रचलेल्या ‘करकंडचरिउ’ या जैन काव्यात तेरापूर येते. राजा करकंडू तिथे येतो, जवळच्या डोंगरातल्या लेण्यात त्याला पार्श्वनाथाची मूर्ती सापडते आणि तो आणखी लेणी कोरवतो. ही लेणी म्हणजे धाराशिव शहराजवळच्या डोंगरातली धाराशिवची लेणी, असे हिरालाल जैन यांनी हे काव्य संपादताना दाखवून दिले.

एकोणिसाव्या शतकात युरोपी पंडितांनी तगर शोधायला घेतले तेव्हा मोठी गंमत झाली. प्रत्येकाचे तगर वेगळे. विल्फर्डने देवगिरी सांगितले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल बीडकडच्या धारूरकडे होता, आणि या सगळ्यांत निदान दिशेच्या दृष्टीने तेच खऱ्या जागेच्या जवळ होते. मोठे शहर म्हणजे मोठा किल्ला, मोठी लेणी, मोठे अवशेष हवेत, असा यातल्या अनेकांचा न कळत धरलेला आग्रह होता. तेरणेकाठचे, निजामाच्या तेव्हाच्या नळदुर्ग जिल्ह्यातले, नकाशावर कसेबसे छापलेले एक खेडे कोणाच्या नजरेत भरणार?

१९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट या शिलालेखांच्या जाणकाराने रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून हा घोळ मिटवला. त्याची रीत साधी होती. तगर या नावाचे पुढे काय व्हावे? मधला ग गळून तयर, तयरचे तेर. पैठणपासून दहा दिवसांवर हे नाव बसणारे गाव कोणते? तेर. मग हेन्री कझेन्स तिथे जाऊन आले आणि पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात त्यांनी तिथल्या विटांच्या देवळांचा तपशील छापला. फ्लीटने कागदावर सिद्ध केले ते कझेन्सने डोळ्यांनी पाहिले.

तेरला जो जातो त्याचे लक्ष पहिल्यांदा त्रिविक्रमाच्या देवळाकडे जावे. पुढून पाहिले तर नेहमीचे देऊळ वाटते, कारण पुढचा सभामंडप नंतर जोडलेला आहे. उजवीकडून मागे जावे. मागची भिंत कोपऱ्यात वळत नाही, गोल फिरते, आणि वरचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे फुगत जाऊन त्या गोलाईवर उतरते. याला गजपृष्ठाकार म्हणतात. कार्ल्याचे किंवा भाज्याचे चैत्यगृह ज्याने आतून पाहिले आहे त्याला हा आकार लगेच ओळखू येतो. तिथे तो डोंगर कोरून आत केला, इथे विटा रचून बाहेर उभा केला. अशी उभी इमारत देशात फार थोड्या ठिकाणी राहिली आहे. आंध्रातल्या चेजर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ हे तिचे भावंड. कझेन्स आणि त्यांच्यामागून अनेकांनी हे मूळचे बौद्ध चैत्यगृह मानले, काहींना ते पहिल्यापासूनच हिंदू देऊळ वाटते, आणि काळाविषयीही मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर मला हा वाद थोडा कोरडा वाटतो. बाजाराच्या गावी भिक्षूही असतात, भटजीही असतात आणि सावकार दोघांनाही देणगी देतो. नाशिकच्या लेखातला उषवदात तेच करत होता. इमारत टिकली ती मात्र नक्की एका कारणाने: तिच्यातली पूजा कधी थांबली नाही. आत बळीच्या डोक्यावर पाय ठेवायला निघालेला त्रिविक्रम उभा आहे. देव असेपर्यंत भिंत कोसळू द्यायची नाही आणि विटा घरी न्यायच्या नाहीत, हा गावाचा अलिखित कायदा.

दुसरे उत्तरेश्वराचे देऊळ, तेही विटांचे. इथल्या विटा साध्या सपाट नाहीत. साच्यातून आणि कोरून त्यांवर नक्षी उतरवली आहे, आणि अशा विटा जुळवून भिंतीचे थर उठवले आहेत. जवळ दगडाची खाण नसलेल्या काळ्या रानात कारागिराने मातीकडूनच दगडाचे काम करून घेतले. या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असे गावात सांगतात. भाजताना मातीतला भुसा जळून गेला की वीट आतून सच्छिद्र होते, तेव्हा त्यात अशक्य काही नाही. याच देवळाची कोरीव लाकडी दारचौकट हा तर दुर्मीळातला दुर्मीळ ऐवज. एवढे जुने लाकूडकाम आपल्या हवेत टिकत नाही. वाळवी, पाऊस आणि चूल यांपैकी कोणीतरी ते गाठतेच.

तरीही तगर समजून घ्यायचे तर देवळांपेक्षा पांढरी महत्त्वाची. मराठवाड्यात जुन्या गावठाणाच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडे आणि खापरे यांनी तिथली माती फिकी पडते. काळीत पीक घ्यायचे, पांढरीत राहायचे. तेरला पांढरीची टेकाडे अनेक आहेत, आणि पाऊस पडून गेला की त्यांच्या उतारावर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि नाणी उघडी पडत. पोरे ती वेचत, खेळत आणि हरवत.

गावातले एक व्यापारी, रामलिंगप्पा लामतुरे, या वस्तू जमवू लागले. ते पुरातत्त्वाचे शिकलेले नव्हते. पण माल पारखण्याची नजर व्यापाऱ्याकडे असतेच, आणि कुठली वस्तू आज ना उद्या मोलाची ठरेल हे त्यांना कळले असावे. कोणी मणी आणून दिला तर तो घेतला, कोणी मातीचे बाहुले आणले तर ते ठेवले. असे करता करता हजारो वस्तूंचा संग्रह झाला, आणि तो पुढे त्यांनी सरकारच्या स्वाधीन केला. त्यावर उभे आहे ते तेरचे रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेचा हिशेब त्याच गावच्या एका व्यापाऱ्याने गोळा केला, यापेक्षा योग्य माणूस कोण मिळाला असता? शिकलेली मंडळी आली ती नंतर. १९५८ मध्ये बी. एन. चापेकरांनी इथे उत्खनन केले, त्यांचा अहवाल १९६९ मध्ये छापून आला. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर पुस्तक काढले. पुढच्या दशकांतही खोदकामे होत राहिली. विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. विटांनी बांधलेली कुंडे निघाली, ती रंगाऱ्यांची असावीत असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर पेरिप्लसमधल्या रंगीत कापडाचा पत्ता त्याच मातीत लागला म्हणायचा.

संग्रहालयात गेल्यावर एकदम मोठ्या मूर्तींकडे धावू नये. लहान वस्तूंच्या कपाटापाशी थांबावे. तिथे मातीच्या चकत्या आहेत, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांवर रोमन नाण्यावरचा चेहरा उतरवला आहे आणि दोरा ओवायला भोक ठेवले आहे. सोन्याचे नाणे ज्याच्याकडे होते त्याने ते पुरून ठेवले किंवा वितळवले. ज्याच्याकडे नव्हते त्याने मातीत तसेच पदक पाडून घेतले आणि पोरीच्या गळ्यात बांधले. रोमचा बादशहा तेरच्या गल्लीत फॅशन म्हणून वावरत होता, यापेक्षा बाजाराचा पुरावा आणखी काय हवा? शेजारीच पांढऱ्या केओलिन मातीची पोकळ बाहुली आहेत, पुढचा-मागचा असे दोन साचे जोडून केलेली. दोन साच्यांची ही रीत रोमन जगात रूढ होती. ती इथल्या कुंभाराने उचलली, पण चेहरे, केशरचना आणि दागिने सारे इथले ठेवले. शंखाच्या बांगड्या ढिगाने आहेत, आणि समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो किलोमीटर दूर.

यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मात्र जगप्रसिद्ध व्हायला हवी होती आणि झाली नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडले गेले. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून गाजली आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती लक्ष्मी नसावी, हे आता बहुतेकांना मान्य आहे. ती कुठे घडली यावर पुष्कळ लिहिले गेले. तिच्याशी घराण्याचे नाते सांगणाऱ्या मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या: एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि एक तेरला. तीच भरगच्च केशरचना, तेच हातापायांतले दागिन्यांचे थर, तीच उभे राहण्याची ढब. पॉम्पेईची मूर्ती तेरलाच घडली असे ठासून सांगणारे आपल्याकडे आहेत. तिच्या पायथ्यावरचे खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या लिपीतले, अक्षर पाहता मी तेवढे धाडस करणार नाही. पण सातवाहनांच्या मुलखातल्या कारागिराचे काम इटलीतल्या श्रीमंताच्या घरी कसे पोचले असेल, याची वाट आपल्याला ठाऊक आहे. ती तेर, पैठण, भडोच अशीच जाते.

रोमचा व्यापार तिसऱ्या शतकानंतर आटला. सातवाहनांची सत्ताही त्याच सुमारास मोडली. तगर एका रात्रीत ओस पडले नाही, कारण विटांची देवळे त्यानंतरच्या शतकांतली आहेत आणि देवळे बांधायला पैसा लागतो. पण जगाच्या यादीतले स्थान गेले. गावाचे नाव पुन्हा महाराष्ट्रभर झाले ते हजार वर्षांनी, आणि तेही एका कुंभारामुळे.

गोरोबाकाकांची कथा मराठी माणसाला सांगायची गरज नाही. ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताबाई त्यांच्या घरी जमले, मुक्ताबाईने थापटणे पाहून हे कशाला म्हणून विचारले, आणि गोरोबांनी तेच थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून मडके पक्के की कच्चे पाहिले. नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म १२६७ चा, आणि समाधी शके १२३९ म्हणजे १३१७ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीला. समाधी तेरला आहे, चैत्रात यात्रा भरते, आणि गावाला आज ‘तीर्थक्षेत्र’ म्हणतात ते त्यांच्यामुळे. सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आणि तेराव्या शतकातला कुंभार संत यांना एकाच धाग्यात ओवण्याचा मोह लेखकांना होतो. मलाही झाला. पण मधे हजार वर्षे आहेत आणि त्या हजार वर्षांतल्या एकाही कुंभाराचे नाव आपल्याकडे नाही, तेव्हा तो धागा सोडलेला बरा.

बाजार मात्र परत आला नाही. तो आसपास फिरत राहिला. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि मराठवाड्याचा कापूस बार्शीच्या बाजारात ओतला जाऊ लागला. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, आणि पुढे लातूरची आडत सगळ्यांना भारी पडली. तेरच्या काळ्या रानात पिकणारे धान्य आज लातूर-बार्शीच्या भावावर विकले जाते. पेरिप्लसच्या काळी पूर्व किनाऱ्याचा माल जिथे येऊन उतरे, त्या गावाला आपला माल बाहेर न्यावा लागतो.

आता जाणाऱ्यासाठी. धाराशिवहून तेर वीस-पंचवीस किलोमीटर. नॅरोगेज गेली, ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिव शहरावरून नेला, त्यामुळे मुंबईकडून लातूरच्या गाडीने धाराशिवला उतरून पुढे एसटीने किंवा खाजगी वाहनाने जाता येते. मुक्काम धाराशिवला किंवा तुळजापूरला करावा. संग्रहालय, त्रिविक्रम, उत्तरेश्वर आणि गोरोबाकाकांची समाधी असे सारे एका दिवसात सावकाश होते. दुसऱ्या दिवशी धाराशिवची लेणी पाहावीत, म्हणजे करकंडूच्या गोष्टीतले तेरापूर आणि डोंगर दोन्ही झाले. सरकारी वस्तुसंग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात, तेव्हा तो वार टाळावा. चैत्र वद्यात गेलात तर यात्रा मिळेल, पण वस्तू निवांत पाहता येणार नाहीत. पावसाळा संपतानाचे दिवस सर्वांत चांगले.

येणाऱ्याची सोय करण्याच्या बाबतीत मात्र आपण उषवदाताच्या मागे आहोत. तेरच्या पांढरीच्या टेकाडाखाली काय आहे हे सांगणारी चार ओळींची पाटी, बसायला सावली, पिण्याचे पाणी, आणि गावातल्याच चार मुलांना वाटाडे म्हणून तयार करणे, याला फार पैसा लागत नाही. पैठण ते तेर असा एक ‘सातवाहन मार्ग’ आखला, वाटेवर मुक्कामाच्या जागा केल्या, तर शाळांच्या सहली तरी त्या वाटेने जातील. पुढाऱ्यांना सांगण्यासारखे मागणे हे आहे.

आणि वाचकांना एक विनंती. पावसानंतर टेकाडावरून चालताना पायाशी मणी, बांगडीचा तुकडा किंवा नाणे दिसले तर ते आठवण म्हणून खिशात घालू नका, कोणी विकायला आणले तर विकत घेऊ नका. ती वस्तू सापडली ती जागा नीट लक्षात ठेवा आणि संग्रहालयात नेऊन द्या.